काकांच्या टोपीचा पांढरा

ताईच्या हळदीचे फोटो मी कॉलेजातून मागून आणलेल्या कॅमेऱ्याने, रॉ फॉरमॅटमध्ये काढले होते. मांडवावर निळी ताडपत्री असल्यामुळे सगळ्यांचे चेहरे निळसर आले. मुरुडला सासरच्या घरात लावायला ताईला त्यातलाच एक फोटो हवा होता.

रॉ फोटोचा रंग नंतर सुधारता येतो, एवढं मला वर्गात कळलं होतं. पांढऱ्या जागेवर क्लिक केलं की संगणक तिला खरी पांढरी मानतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे बदलतो. मांडवात सगळ्यात पांढरी मला काकांची टोपी वाटली. मी तिच्यावर क्लिक केलं.

ताई स्क्रीनकडे बघतच राहिली. "अरे, हळद लागलीय का कावीळ झालीय मला?"

मी गडबडलो. मग आठवलं, काकू टोपी नीळ घालून धुते. संगणकाने ती निळाईसुद्धा काढून टाकली होती, म्हणून सगळं जास्तच पिवळं झालं होतं. मी पाटासमोर मांडलेल्या पांढऱ्या तांदळांवर क्लिक करून पाहिलं. चेहरे जागेवर आले. टोपी किंचित निळी दिसू लागली, पण बहुधा ती तशीच असावी.

"हां, आता माझी हळद दिसतेय," ताई म्हणाली. "हाच दे."