आला

गल्लीच्या तोंडाशी नवा स्पीडब्रेकर घातलाय, आणि त्याच्या गरम डांबराच्या वासानं ती दुपार पुन्हा आठवली. डाव्या अंडकोषाच्या दुखण्यानं मला कित्येक वर्षं धड झोपू दिलं नव्हतं. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं करून झालं होतं. स्कूटर बायको चालवायची, मी मागे एका बाजूला पाय सोडून बसायचो, आणि बिबवेवाडीतला प्रत्येक स्पीडब्रेकर यायच्या आधी ती "आला" म्हणायची, म्हणजे मला श्वास रोखून अंग वर उचलता यायचं. त्या दुपारी मी डॉक्टरांना म्हणालो, "काढूनच टाका आता." ते म्हणाले, "काढू. पण त्यानंही दुखणं जाईलच, असं नाही सांगता येत. दोघं विचार करून या." "विचार कसला करायचा, डॉक्टर," बायको म्हणाली, "मला हे एकदा शांत झोपलेले बघायचेत." परतताना पहिला स्पीडब्रेकर दणकन गेला, मग दुसरा; ती "आला" म्हणायचंच विसरली होती. तिच्या खांद्यावरच्या माझ्या हाताला तिचं रडणं कळत होतं, म्हणून मी ओठ चावून गप्प राहिलो. ऑपरेशन झालं, तरी थोडं दुखणं उरलंच. आज त्या नव्या स्पीडब्रेकरपाशी ती म्हणाली, "आला."