परत गेलेलं सूत

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, आणि ज्याला सांगायला हवं होतं तो बापू तर तिच्याही आधी गेला. आता तुम्हीच उरलात. मध्येच अडखळलो तर समजून घ्या — अजून जड जातं.

मी कल्याण स्टेशनात माल-कारकून होतो. वऱ्हाड-खानदेशचा कापूस एका घाटाने उतरायचा, सोलापूरकडचा दुसऱ्याने, आणि दोन्ही माझ्या डोळ्यांसमोरून मुंबईच्या गिरण्यांकडे जायचे. त्यातूनच मला शेअरांचं वेड लागलं. वेड तेव्हा पुष्कळांना होतं. पण बाकीचे जुगार खेळतात, आपण अभ्यास करतो, अशी माझी समजूत! कुठल्या गिरणीला कापूस किती जातो, तिचं सूत भिवंडीच्या विणकरांसाठी आमच्याकडे किती उतरतं, तिच्यावर कर्ज किती, चालवणाऱ्यांचा स्वतःचा पैसा आत आहे की नाही — सगळं मी बघायचो. आणि वेळ साधायचो. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की गठ्ठे दाबणाऱ्या प्रेस कंपन्या चढतात. होळीच्या सुमारास तिथून पैसा काढायचा आणि सूतगिरण्यांत घालायचा. पावसाळ्यात व्यापार थंडावला की बँकांचे शेअर स्वस्तात घेऊन पुढच्या हंगामाची वाट बघायची. पैसा या धंद्यातून त्या धंद्यात सरकतो, आपण त्याच्या आधी तिथे जाऊन बसायचं, असं मी ऐटीत सांगत असे. दोन-चार वेळा जमलंही. मग काय विचारता? डोक्यात हवा गेली.

बापू माझा लहानपणचा मित्र, ठाण्याला शाळामास्तर. भाड्याच्या दोन खोल्यांत आई, बायको, पोरं अशी सगळी दाटीवाटीने राहायची. नौपाड्यात तेव्हा शेतंच होती. तिथे जागा घेऊन त्याने घराचं जोतं घालून ठेवलं होतं. भिंती उभ्या करायला पैसे नव्हते. वहिनींनी दागिने काढून दिले, आणि तो माझ्याकडे आला. मी एका सूतगिरणीचं नाव सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "आता घेऊ?" मी म्हटलं, "होळीच्या आत घे."

त्याने घेतले. मीही घेतले होते — म्हणजे दगा नव्हता. तोवर तरी नव्हता.

वैशाखात आमच्या ऑफिसातला एक कारकून रजेवर गेला. मी येणारा माल बघायचो, परत जाणारा तो बघायचा. त्या दिवशी मी त्याच्या जागी बसलो, तर समोर त्याच गिरणीच्या सुताचे गठ्ठे, त्यांवर माल उतरताना मीच केलेली गेरूची खूण. भिवंडीहून बैलगाड्यांतून आलेले, मुंबईला परत निघालेले. सूत मागावर टिकत नव्हतं, तुटत होतं, म्हणून विणकरांनी नाकारलेलं. चौकशी केली, तर हे कित्येक दिवस चाललेलं! जे मी विकलं गेलेलं सूत म्हणून धरत होतो ते परतीच्या वाटेवर होतं. शेजारच्या टेबलावर! मान वळवून बघायला काय झालं होतं मला?

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला दलालाकडे गेलो आणि माझे शेअर विकून टाकले. वाटेत ठाणे लागलं. जाताना उतरलो नाही.

येतानाही उतरलो नाही.

का? भाव पडेल म्हणून गप्प बसलो, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं — लोभ निदान लोकांना कळतो. पण येताना तर माझे शेअर विकून झाले होते! मग काय अडलं होतं? बापू वर्गात पोरांना माझं उदाहरण द्यायचा. त्याच्यासमोर उभं राहून "मी चुकलो" म्हणायचं होतं. तेवढंच. ते माझ्या तोंडून निघेना. उद्या जाऊ, परवा चिठ्ठी पाठवू, कदाचित भाव टिकेलही — असं करत राहिलो. श्रावणात गिरणी बंद पडली.

बापू स्वतःच कल्याणला आला. मी मनाची तयारी करून बसलो होतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सगळं बोललो असतो, असं वाटतं. खरंच बोललो असतो का? तो माझा हात धरून म्हणाला, "अरे, तुझंही गेलं ना रे सगळं? माझ्यापायी तोंड लपवू नकोस. तू काय मुद्दाम केलंस?"

आणि मी — मी मान खाली घालून म्हटलं, "हो. माझंही गेलं."

ते जोतं त्याने विकलं. आई त्याच दोन खोल्यांत वारली, पुढे तोही तिथेच गेला.

पण सांगायचं ते हे नाही. तो येऊन गेल्यावर काही दिवसांनी ठाण्याहून तांदळाचं एक पोतं आलं. वहिनींच्या माहेरचा तांदूळ. त्यांना वर्षाला तेवढाच यायचा. सोबत निरोप होता, की तुमच्याकडे लहान मुलं आहेत, आत्ता ओढाताण असेल, संकोच करू नका. आमच्या घरात काही कमी नव्हतं. शेअर विकून आलेले पैसे आतल्या खोलीत ट्रंकेत होते. बायको म्हणाली, "हे कशाला पाठवलंय त्यांनी?" मी म्हटलं, "प्रेमाने पाठवलंय. ठेव."

तिने तो निवडला, शिजवला. तांदूळ जुना होता, सुवासिक होता. दिवाळीपर्यंत आम्ही तो खाल्ला.