चिनी मातीचा दात

आमची बँडपार्टी परभणीजवळच्या पूर्णा गावची. तिच्यात मी क्लॅरनेट वाजवायचो. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. सोनपेठचं लग्न वाजवून एसटीनं परतत होतो. पुढं रस्त्यात टायर जळताना दिसलं, ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि माझं तोंड समोरच्या सीटच्या दांडीवर आदळलं. वरचा पुढचा दात हिरडीपासून तुटला.

क्लॅरनेटचं टोक वरच्या दातांनी दाबून धरावं लागतं. दात नाही तर सूर नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी उरलेल्या मुळात धातूची खीळ ठोकली आणि तिच्यावर चिनी मातीचा दात बसवला. म्हणाले, "जपा. सरळ दाब सोसेल हा. आडवा दाब आला तर तडकेल."

"साहेब, माझं कामच आडव्या दाबाचं हाय."

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढं चुडाव्याच्या एका लग्नात वरात रंगात आली आणि तोंडात टक्कन आवाज झाला. सूर चिरकला. तुटलेला तुकडा जिभेखाली धरून, गाल फुगवून मी नुसतं सोंग करत चालत राहिलो. घोड्यापुढं नाचणाऱ्यांना कळलं नाही, पण पार्टी चालवणाऱ्या आमच्या उस्तादांनी वळून पाहिलं.

डॉक्टरांपुढं हात जोडले. "न तुटणारा द्या."

त्यांनी आत धातू आणि वरून चिनी माती असा दात केला. तो खरंच तुटला नाही. पण काही महिन्यांनी हिरडी सुजली, पू यायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला.

"दात शाबूत आहे. खालचं मूळच उभं चिरलंय. काढावं लागेल."

"मग नवा?"

"कशावर बसवू? शेजारचे दातही एसटीतल्या त्या मारानं हललेत. काढता-घालता दात तुमच्या वाजवण्यात टिकणार नाही. परदेशात हाडातच स्क्रू बसवतात म्हणे. इथं ते नाही."

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडलो. गल्लीतून दुसऱ्या पार्टीचा बँड गेला, तेव्हा कानात बोटं घातली. बायको ताट घेऊन बसून राहिली.

"दोन घास तरी खावा. असं कसं व्हायचं?"

"मला दुसरं कायबी येत न्हाई गं."

ती रडली, मीही रडलो.

उस्ताद एकदा घरी आले. "दाताचा नाद सोड," म्हणाले. "वरचा ओठ आत घे आन् ओठानंच धर."

ओठ फाटले. मिठाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. बायको अळणी वरणभात कालवून द्यायची. कितीतरी दिवस नुसती हवाच निघत होती; मग खालचे सूर लागले. वरचे लागलेच नाहीत. ओठ थरथरून निसटायचा.

उस्तादांनी मला मागच्या रांगेत घेतलं. गाणं वर चढलं की मी थांबायचो आणि माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा पुढचं वाजवायचा. मी क्लॅरनेट छातीशी धरून त्याच्यामागं चालायचो.