पंगत उठेपर्यंत

पास झालेल्या पोरीला परत जा म्हणून कोण सांगतं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही नीटसं कळलेलं नाही. माझी मुलगी इंग्लंडात शिकायला गेली होती. शिक्षण पुरं झालं की तिथे काही काळ राहून नोकरी करता येते, पण त्याचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. तो नामंजूर झाला. ती फोनवर नुसती रडली आणि पुढचे काही दिवस फोन उचलेनाशीच झाली. ज्या एजंटाने तिला पाठवलं होतं तो म्हणाला, अपील करावं लागेल, तिथला मोठा वकील धरावा लागेल आणि मुदत फार थोडी आहे. वकिलाची फी ऐकून आमच्या ह्यांनी दुकानाचं शटर दुपारीच ओढलं. मी देवघरासमोर बसले खरी, पण हात जोडायची इच्छाच होईना. एवढे उपास, एवढ्या वाती कुठे गेल्या?

शहापूरला हायवेलगत माझ्या नावावर एक प्लॉट होता. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं आमचं दुकान भाड्याच्या जागेत, तेव्हा खाली स्वतःचं दुकान आणि वर घर बांधायचं म्हणून पोटाला चिमटा घेऊन तो घेतला होता. तोच विकायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं. एका दुपारी तो इसाराची आगाऊ रक्कम घेऊन यायचा होता, मी सही करायची होती आणि ते पैसे लगेच एजंटाकडे जायचे होते. नेमका त्याच दुपारी कारध्याला, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात सप्ताहाचा महाप्रसाद होता. मी म्हटलं, सही करायच्या आधी प्रसादाचे दोन घास खाऊन येते. हे गाडी घेऊन देवळाबाहेर उभे राहिले. "पटकन ये वं," एवढंच बोलले.

आता आमच्याकडच्या पंगतीचा कायदा असा, की रांगेतल्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. अर्ध्यातून उठणं म्हणजे अन्नाचा आणि शेजारच्याचा, दोघांचाही अपमान. हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी घाईत जागा मिळाली तिथे बसले. शेजारी निघाली एक म्हातारी, तोंडात दात नावाला! भात-वरण कालवून कालवून, बोटाएवढा घास करून ती जेवत होती. सगळ्यांची पानं रिकामी झाली, बुंदी फिरून गेली, तरी बाईचं आपलं चालूच. वर वाढप्याला हाक मारून तिने आणखी भात घेतला. दारातून ह्यांचा हात हलताना दिसत होता.

"मायबाई, जरा लवकर आटपा ना," मी शेवटी म्हटलं.

"काहून वं? आग लागली काय तुह्या घरी?" तिने घास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्याने मला रडू कोसळलं. सगळं सांगून टाकलं, पोरीचं, वकिलाचं, प्लॉटचं. तिला व्हिसा म्हणजे काय ते कितपत कळलं देव जाणे. चावता चावता तिने विचारलं, "मंग पोट्टी काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? लहान आहे ती. रडून राहिली."

"एवढी समुद्रापार गेली ते लहान हाये? इचार तं खरं तिले." आणि पुन्हा भात कालवायला लागली.

पंगत उठली तोवर गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं होतं. उद्या येतो म्हणाला. हे चिडून गाडीवर जाऊन बसले. मी हात धुतला आणि तिथेच पायरीवर बसून मुलीला फोन लावला. त्या दिवशी तिने उचलला.

"आई, तुमाले वकील कोणी सांगितला?" ती म्हणाली. "याच्यात कोर्टात अपील होतच नाही. कागद पुन्हा तपासा म्हणून अर्ज करायचा असते. आमच्या विद्यापीठात सल्ला देणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी फुकटात समजावलं. मी पास झाल्याचं विद्यापीठानं वेळेवर कळवलं होतं, व्हिसा ऑफिसातल्या माणसाच्या पाहण्यातून सुटलं. अर्जाची थोडीशी फी होती, ते मी कालच माह्या पार्टटाइमच्या पगारातून भरली. बाबा टेन्शन घेतील म्हणून बोलली नाही."

मी फोन ह्यांच्या हातात दिला. ऐकता ऐकता ते खाली माझ्या शेजारी बसले. एजंट लबाड होता की त्यालाच माहीत नव्हतं, यावर आमचा अजून एकमताने निकाल लागलेला नाही. प्लॉट मात्र राहिला.

म्हातारीच्या पाया पडावं म्हणून मी आत गेले तर ती नव्हती. मला चौकशीची भारी खोड. वाढप्यांना विचारलं, बायकांना विचारलं, पुढच्या सोमवारी जाऊन पुजाऱ्यालाही विचारलं. "पंगतीत कोण कुठून येते, आम्ही कुठं इचारतो?" तो म्हणाला. असेल एखाद्या गावची, भूक लागली म्हणून आलेली. तिला वेळेवर माझ्याशेजारी कुणी बसवलं, एवढाच प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर काढायच्या भरीला मी पडत नाही.

अर्जाचं पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. मी रोज दिवा लावायची आणि म्हणायची, देवा, तिला तिथे राहू दे. मग एका सकाळी तिचा फोन आला, "मिळाला, आई!" हे पेढे आणायला धावले आणि मी देवघरासमोर बसून हमसून हमसून रडले. ह्यांना वाटलं आनंदाने. खरं सांगते, ओठांनी मी तिला तिथे राहू दे म्हणत होते आणि आतून रोज एकच मागत होते, माझी पोर घरी येऊ दे. दोन्ही मागण्या एकाच देवाकडे, एकाच दिव्यापुढे! यातलं तो कोणतं ऐकेल याची मला मनातून फार उत्सुकता होती. ओठांवरचं मागणं पुरं झालं, पण त्याने ऐकलं ते माझं नव्हे, पोरीचं. तेव्हापासून दिवा लावते, हात जोडते आणि गप्प राहते. तिच्यासाठी काय मागायचं ते तिचं तिला ठाऊक.