कुंदाताईनं न सोडलेली गाठ

मीनलचा फोन आला तेव्हा मी नागपूरला घराच्या गॅलरीत पेपर चाळत बसलो होतो. "मामा, आई नहीं रही," एवढंच ती म्हणाली. सकाळचा चहा घेऊन कुंदाताई खिडकीपाशी बसली होती. मीनल कप उचलायला गेली तर... गेलेली. ना आजार, ना दवाखाना. संध्याकाळच्या गाडीनं रायपूरला पोचलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, 'संग्रहालयाच्या निवृत्त रसायनतज्ज्ञांचे निधन'. ते वाचलं आणि वाटलं, हिनं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. ते सांगणारा आता दुसरा कोणी उरलेला नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही वर्धेकडचे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती लग्नानं रायपूरला गेली आणि तिथल्या सरकारी संग्रहालयात लागली. जुन्या वस्तू सडू नयेत, गंजू नयेत, हे बघायचं काम. माझी रेल्वेतली बदली रायपूरला झाली ती नेमकी नवं राज्य झालं त्या सुमारास. बायको-मुलं नागपुरात, म्हणून मी चौबे कॉलनीत ताईकडेच राहिलो. गावाला एकाएकी राजधानीपण आलं होतं. शंकरनगरातले बंगले एकेका खात्याचं ऑफिस होऊन बसत होते, पाट्यांवरचा रंग ओला होता, आणि कर्मचाऱ्यांची वाटणी चालू होती... कोण रायपूरला राहणार, कोण भोपाळला जाणार. ही टांगती तलवार ताईच्या डोक्यावरही होती. भाऊजींची नोकरी रायपुरात, मीनल शाळेत.

ताईचा जीव तांब्याच्या नाण्यांवर. सोन्याचं काही होत नाही, चांदी काळवंडते, पण तांबं जमिनीत राहून पार बदलतं, असं ती म्हणायची. एकदा मी तिच्या टेबलावरचं एक हिरवं, फोड आलेलं नाणं पाहून म्हटलं, "ताई, चिंच लाव ना. देवघरातलं ताम्हण तर तू एका मिनिटात चकाचक करते."

ती हसली. "ताम्हण रोज घासतो आपण. हे घासलं तं संपलं."

"काहून?"

"अरे अन्या, याच्यातलं वरचं तांबं केव्हाच गेलं. अक्षरं आता त्या हिरव्या थरातच उभी आहेत. थर काढला का अक्षरं गेली."

मी कितीतरी वेळ त्या नाण्याकडे बघत राहिलो. धातू निघून गेला आणि त्याचा आकार गंजानं धरून ठेवला, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

अशातच रायपूरबाहेरच्या एका गावात शाळेच्या खोलीचा पाया खणताना मडकं सापडलं. मडक्याचे तुकडे झाले होते. आत नारळाएवढा हिरवा गोळा, कितीतरी नाणी एकमेकांना चिकटून दगड झालेली. संग्रहालयाच्या साहेबांना आनंद झाला. नव्या राज्याच्या सोहळ्यासाठी नवं दालन उघडायचं होतं आणि त्यात मांडायला राजधानीच्या मातीतलाच ठेवा हाती आला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सकाळी ॲसिडात टाका, संध्याकाळी नाणी सुटी, चकचकीत. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. ताईनं वेळ मागून घेतला.

मग तिचं ते काम सुरू झालं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायचं. फिकट हिरवी, पिठासारखी पूड कुठं दिसते का ते बघायचं, कारण ती पूड म्हणजे तांब्याचा रोग. तो एकदा शिरला की नाणं आतून खात जातो. सूक्ष्मदर्शकाखाली बांबूच्या कोरलेल्या काडीनं ती एकेक कण उचलायची. बाहेरची नाणी एकेक करून सुटली. त्यांवर फारसी अक्षरं निघाली. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली असावीत, असा जाणकारांचा अंदाज होता. रविवारी मी डबा घेऊन जायचो. एका रविवारी मात्र तिनं डब्याकडे पाहिलंच नाही.

"इकडे ये. काही बोलू नको. नुसतं बघ."

मी भिंगाला डोळा लावला. आधी नुसतं हिरवं. मग त्या हिरव्यात उभे-आडवे धागे दिसले. एका धाग्यावरून दुसरा, दुसऱ्याखालून तिसरा, सुताचा पीळसुद्धा. कापड होतं ते! आणि कडेला कापडाची दोन टोकं एकमेकांतून घालून ओढलेली... गाठ.

"हे सूत इतकी वर्षं कसं टिकलं?"

"सूत नाही टिकलं. सूत कुजून गेलं. त्याच्या जागी तांब्याचा क्षार बसला, धाग्याच्याच आकारात." तिनं बोटानं गाठीची जागा दाखवली. "कोणीतरी पुरचुंडी बांधली रे अन्या. परत येऊन सोडीन म्हणून बांधली असंल."

मडक्यातल्या सुट्या नाण्यांच्या मधोमध मुठीएवढी एक पुरचुंडी होती. ॲसिडात टाकली असती तर कपडा विरघळून गेला असता आणि तो होता हेसुद्धा कोणाला कळलं नसतं.

आत काय आहे ते न उघडता बघायचं म्हणून तिनं बुढापारा या जुन्या वस्तीतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. कापसात गुंडाळलेल्या पुरचुंडीचा डबा मांडीवर धरून ती माझ्या स्कूटरवर मागे बसली, आणि त्या गल्ल्यांतून मी पायी चालणाऱ्याच्या चालीनं गाडी नेली. एक्स-रेवाल्यानं विचारलं, "पेशंट कहाँ है, दीदी?" ताईनं डबा पुढं केला. फिल्म उजेडावर धरली तेव्हा आतली नाणी दिसली, एकावर एक नीट रचलेली, कडा जुळवून. अक्षर मात्र एकही दिसेना.

तिथंच खरा पेच पडला. साहेबांना आतली नाणी हवी होती. निराळी, जास्त जुनी असू शकतात, अभ्यासकही तेच म्हणत होते. ताईला घ्यायला मी गेलो होतो, तेव्हा त्यांचं बोलणं मी दाराशी उभा राहून ऐकलं.

"मॅडम, आप नहीं खोलेंगी तो बाहर से किसी को बुला लेंगे."

"सर, अंदर क्या है ये मैं भी देखना चाहती हूँ. आपसे ज़्यादा. पर ये गाँठ जिसने बाँधी, उसके बाद किसी ने नहीं खोली. खोलेंगे तो एक धागा नहीं बचेगा. बाहर से बुलाना है तो पहले मेरा भोपाल का ऑर्डर निकालिए."

त्या दिवसांत तसा ऑर्डर निघणं काहीच कठीण नव्हतं. साहेब लाल झाले. ताई उठली आणि सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल तिनं त्यांच्याकडे सरकवलं. ते नाइलाजानं वाकले... आणि वाकलेलेच राहिले. किती वेळ कोण जाणे. वर पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, "ये... कपड़ा है?"

"जी."

त्यांनी चष्मा पुसला. "रहने दीजिए," म्हणाले आणि निघून गेले.

दालन उघडलं तेव्हा सुटी नाणी मांडली गेली आणि त्यांच्या मधे ती पुरचुंडी, बांधलेलीच. भोपाळचा ऑर्डर निघाला नाही.

पुढं ताईचे हात थरथरायला लागले. कोणी म्हणायच्या आधी तिनंच काडी खाली ठेवली. मागच्या हिवाळ्यात मी तिला विचारलं, "आत काय होतं ते कळलं नाही, याचं तुले वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. रोज वाटते." आणि मग हसली, अगदी सुखानं.

तेरावं झाल्यावर मी आणि मीनल संग्रहालयात गेलो. प्रयोगशाळेत आता सुनीता साहू म्हणून ताईच्या जागेवर आलेल्या बाई आहेत. पुरचुंडीवर पूड धरली नाही ना, हे तपासायला त्यांनी ती दालनातून आणवली होती. पेटी समोर होती, पण त्यांनी लगेच उघडली नाही. घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि नुसत्या बसल्या. मी मीनलकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. रसायनशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात असं बसायला सांगितलेलं नाही.

"ये आप क्या करती हैं?" मी विचारलं.

"कुछ नहीं भैया. हाथ चुप हो जाएँ, तब छूना... दीदी ऐसे ही बैठती थीं."

आम्ही दोघंही थांबलो. खिडकीतून उजेड येत होता. बाईंचे हात शांत झाले, आणि मग त्यांनी पेटीचं झाकण उचललं.