डोकं हलवू नका

“आडनाव काय म्हणालात?”

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं असं नाही. पुण्याचा संशोधक पोरगा. बेंगळुरूत मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून तोवर नुसता ताई ताई करत होता. मी आमचं नागपूरचं आडनाव पुन्हा सांगितलं. “अच्छा,” म्हणाला. ताई तिथंच संपली.

ते ‘अच्छा’ मी शाळेपासून ओळखते. गिळलं. कारण मला मेंदूचा तो स्कॅन हवा होता.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. व्हाइटफील्डला ऑफिसच्या कॅबमधून उतरायला पाय उचलत नसे. भाऊ फोनवर म्हणायचा, “नाटकं बंद कर.” डिप्रेशनच्या खुणा मेंदूत दिसतात का, याचा हा अभ्यास. यातून तुमचं निदान होणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी वेडी आशा. चित्रात काहीतरी दिसेल. भावाच्या तोंडावर फेकता येईल.

मला मशीनच्या बोगद्यात सरकवलं. चेहऱ्यावर पिंजरा, कानात बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठासलेल्या उशा. हातात रबरी फुगा, घाबरलात तर दाबायला. “डोकं हलवू नका. हललात तर सगळं वाया.”

मशीन ठोकत राहिलं. मग थांबलं. पलीकडच्या खोलीतला माइक चालूच राहिला होता. तो पोरगा त्याच्या गाईड मॅडमशी बोलत होता.

“यांना कसलं डिप्रेशन, मॅडम? कॉलेज कोट्यात, नोकरी कोट्यात.”

मॅडम हसल्या. “असू दे रे. डेटा मिळतोय ना.”

माझ्या कंपनीत कोटा नाही रे शहाण्या! ओरडायचं होतं. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानाशी गेलं, पुसायला हात वर नेता येईना. आणि चीड कशाची आली, तर मी तेव्हाही डोकं स्थिर धरून होते. चित्र बिघडू नये म्हणून.

मशीन पुन्हा सुरू झालं. मी डोकं हलवलं. उशांनी हलू दिलं तेवढं. डावीकडे, उजवीकडे. नाही. नाही. नाही. मग फुगा दाबला, तो सोडलाच नाही.

टेक्निशियन बाई धावत आली. “अक्का, एनायतु?” काय झालं, असं विचारत तिनं पिंजरा काढला. मागे तो उभा.

“ताई, थोडंच राहिलं होतं.”

ताई परत आली होती.

“तुमचा माइक चालू होता,” मी म्हणाले. त्यानं वळून पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. “माझी सगळी चित्रं पुसायची. माझ्यासमोर. अन् तुम्ही दोघं जे बोललात, ते मी एथिक्स कमिटीला लिहून देणार.”

दिलं.

पाय अजून उचलत नाहीत. तो पिंजरा रोज सकाळी तोंडावर असतोच. भाऊ अजून नाटकंच म्हणतो आणि त्याला दाखवायला माझ्याकडे चित्र नाही. नसू दे. दुखतंय हे मी सांगते, तेवढं पुरे.

सोमवारी कमिटीनं बोलावलंय. आधी नाव विचारतील. आडनाव मी असं मोठ्यानं सांगणार आहे, की दुसऱ्यांदा विचारायची कुणाची हिंमत होणार नाही.