तळाशी गाव असलेली होडी

समुद्रावरच्या रहस्यकथांची माझी एक मालिका आहे. नायिका बोटीची कप्तान. तीन पुस्तकं लिहून झाली, पण मी पडलो सोलापूरचा, होडीत पाय ठेवला नव्हता. अखेर माझी मलाच लाज वाटली आणि उजनीच्या धरणावर गेलो.

पैलतीराला सोडणारी बाई साठीची, पदर खोचून एकटी वल्ही मारणारी. समोर मोकळं पाणी असताना ती मध्येच डावीकडे वळली, मग उजवीकडे.

"मावशी, सरळ चला की."

"सरळ कसं? पाणी उतरलंय. खाली शाळंची भिंत हाय, होडी घासंल."

धरणात बुडालेलं गाव तिचंच होतं. परकरात असताना तुडवलेल्या गल्ल्यांतून ती होडी नेत होती, आणि मला वर नुसतं पाणी दिसत होतं.

"चपला काढा," ती म्हणाली. "देऊळ आलं."

मी गुपचूप काढल्या. मग ओशाळून माझ्या कप्तानबद्दल सांगितलं: ती पाण्याच्या तळाचं गूढ शोधून काढते.

"म्हंजी तिला आदी ठावं नसतंय व्हय?" तिनं खरंच नवलानं विचारलं.

पुढं एका जागी तिनं दोन्ही वल्ही वर उचलून धरली. होडी आपसूक सरकत राहिली.

"इथं काय आहे?"

"आमचं घर. वल्हं मारलं की डोईवर माळवदावर कुनी नाचल्यागत वाटतं."

काठाला उतरून बराच चाललो. पाय पोळले, तेव्हा कळलं, चपला अजून हातातच होत्या.